आरओ मशीन मागू नकोस, दत्ता

वाळूज, छत्रपती संभाजीनगर
१४ फेब्रुवारी

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. परवा तुझा फोन आला तेव्हा मी शॉपफ्लोअरवर होतो, मशीनच्या आवाजात निम्मं ऐकू आलं नाही. पण मुद्दा कळला. "तुमच्या कंपनीकडं सीएसआरचा पैसा पडून असतो म्हणं. आमच्या गावाला एक आरओ मशीन द्यायला काय जातंय?" जात काही नाही, गड्या. तरी मशीन मागू नकोस. का, ते सविस्तर लिहितो, कारण फोनवर तू मधेच भांडायला लागतोस.

आधी पैशाचं. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे. कंपनीचं नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातला एक जरी आकडा गाठला की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. हाच तो सीएसआर. मालक जर्मन असो नाहीतर जालन्याचा. २०२१ पासून तर न खर्चलेला पैसा सरकारी निधीत भरावा लागतो. काम चालू असेल तर वेगळ्या खात्यात ठेवून तीन वर्षांत संपवायचा. चुकलं की दंड. त्यामुळे या दिवसांत आमच्या सीएसआरवाल्यांची नुसती लगीनघाई असते. ३१ मार्चच्या आत काय उरकेल? जे दुकानातून आणता येतं आणि ज्याच्यासमोर फीत कापता येते ते. बाकं, सौरदिवे, आरओ.

आता त्या आरओचं पुढं काय होतं ते बघ. अशी मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती पंचायतीच्या किंवा बचत गटाच्या ताब्यात जाते. म्हणजे वीजबिल तुमचं, मेंब्रेन, म्हणजे आतली गाळणी, बदलायचा खर्च तुमचा. गंगापूर तालुक्यातल्या एका गावात मी स्वतः पाहिलंय. पत्र्याची खोली, दाराला कुलूप, नाणं टाकायच्या खाचेत पोरांनी चिंगम दाबलेलं. बिल थकलं म्हणून मीटर काढून नेलेलं. वर बोर्ड मात्र झकास, गावाच्या नावापेक्षा कंपनीचं नाव मोठं. आमच्या अहवालात ते गाव आजही "शुद्ध पाणी मिळालेलं" आहे. शिवाय आरओ जेवढं गोड पाणी देतं, साधारण तेवढंच खारं पाणी गटारात सोडतं. बोअर जानेवारीत आटणाऱ्या गावाला ही चैन कशाला?

त्यापेक्षा तलावातला गाळ काढायला पोकलेन माग. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही राज्य सरकारची योजना २०१७ पासून आहे. मशीन आणि डिझेलचा खर्च सरकारकडून किंवा सीएसआरमधून, गाळ वाहून नेण्याचा मूळ खर्च शेतकऱ्याचा. ज्यानं स्वतःच्या ट्रॅक्टरनं गाळ नेऊन रानात टाकलाय तो पुढच्या वर्षी तलावाकडं बघायला जाणारच. फोटोत गाळ शोभत नाही, हे खरं. पण ते मी बघून घेतो.

पाण्यावरून आठवलं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, १२ एप्रिलला पहिली गाडी, पाच लाख लिटर. त्याच उन्हाळ्यात इथल्या दारूच्या कारखान्यांचं पाणी कापायला हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला. जायकवाडीतून एमआयडीसीला पाइपनं पाणी येतं आणि आम्ही गावाला टँकर देऊन बातमी छापून आणतो. मला यातलं टँकरचं कौतुक कधी कळलंच नाही.

आणि सीएसआर हे माझं खातंही नाही. माझं पोट खरेदी विभागावर आहे, आणि कंपनी किती नीतीची ते तिथं दिसतं. जर्मनीत पुरवठा साखळीचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. बालमजुरी, सक्तीची मजुरी, कामगारांची सुरक्षितता यांची खातरजमा माल पुरवणाऱ्यांपर्यंत जाऊन करायची. आमचे मालक जर्मन, म्हणून वरून प्रश्नावली आली, आम्ही ती सगळ्या व्हेंडरांना पाठवली. पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपवाल्यानं सगळ्या रकान्यांत "हो" टिचकी मारून पाठवली. "तुमच्याकडे सक्तीनं काम करून घेतलं जातं का?" हो! फोन केला तर म्हणाला, "सायेब, नाही लिहिलं तर ऑर्डर बंद होती, असं वाटलं."

हसू नकोस. मी त्याच्या शेडवर गेलो. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे हात डायमध्ये, साच्यात, राहूच नये. तिथं एका बटणात लाकडाची पाचर ठोकलेली होती. पोरगा एका हातानं पत्रा सरकवत होता, दुसऱ्यानं बटण दाबत होता. पत्रा सरकवणाऱ्या हाताची करंगळी अर्धीच होती. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "तुमचं शेड्यूल कसं गाठायचं? आणि पैसे तुम्ही नव्वद दिवसांनी देणार. जास्तीचा माणूस कुठून ठेवू?" शेड्यूल आमचंच, आणि थकलेलं बिलही आमचंच.

लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत हे २००६ च्या एमएसएमईडी कायद्यातच आहे, उशिराला बँक दराच्या तिप्पट व्याज. कुणी मागत नाही, कारण मागितलं की पुढची ऑर्डर गेली. फरक पडला तो आयकर कायद्यात ४३बी(एच) हे पोटकलम आल्यावर. वेळेत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येईना, तेव्हा आमच्या अकाउंट्सला एकाएकी लहान व्हेंडरांची आठवण झाली. आचारसंहितेच्या गुळगुळीत पुस्तिकेनं जे झालं नाही ते एका पोटकलमानं केलं. त्या पुस्तिकेत दिवाळीच्या सुक्यामेव्याच्या डब्यावर दोन पानं आहेत, बिलाच्या उशिरावर ओळ नाही. तक्रारीच्या हेल्पलाइनवर इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन. कंत्राटी पोरं मात्र कन्नड-वैजापूर तालुक्यांतली, मराठी बोलणारी.

तुझ्या गावातलंच घे. दसऱ्यानंतर किती कोयते, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन ऊसतोडीला जातात? ती उचल फिटेस्तोवर फडातून हलता येत नाही. प्रश्नावलीतली सक्तीची मजुरी म्हणजे दुसरं काय असतं? बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ ला गाजलं, चौकशी समिती बसली. त्या फडातली साखर थंड पेयांपासून बिस्किटांपर्यंत सगळीकडं जाते. मुलांसाठी हंगामी वसतिगृहाला कुणी देणगी दिली तर चांगलंच आहे. पण साखर घेणाऱ्यानं उचलीचा हिशोब विचारला पाहिजे, आणि तो विचारला तर साखर महाग पडेल. म्हणून देणगी.

असो, लय झालं. त्या प्रेस शॉपचं नाव मी ऑडिटच्या यादीत घाला म्हणून साहेबांना मेल टाकलाय. व्हेंडरांच्या यादीतून काढायला नको, पाचर काढायला आणि बिल वेळेवर द्यायला. अजून उत्तर नाही.

तू येताना ग्रामसभेचा ठराव, तलाव ज्या खात्याचा आहे त्याची परवानगी आणि गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांची सह्यांसकट यादी घेऊन ये. काम पावसाच्या आधी उरकायचं तर मार्च उजाडायच्या आत कागद हवेत. सरपंचांना आण, पण बोलायचं तूच. बुधवारी मात्र येऊ नकोस, त्या दिवशी जर्मनीचे ऑडिटवाले यायलेत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत