कवळी वाटण्याची वस्तू नाही

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

गरीब ज्येष्ठांना मोफत साधने देणाऱ्या केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या यादीत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्या शेजारी कवळीही आहे, हे चांगलेच आहे. पण काठी हातात दिली की माणूस चालू लागतो. कवळीचे तसे नाही, आणि शिबिराचा अहवाल मात्र ‘इतक्या कवळ्या वाटल्या’ इथेच संपतो. नंतर त्यातल्या बऱ्याच फडक्यात गुंडाळून फळीवर पडून राहतात. कारणे तांत्रिक आहेत, म्हणून हे पत्र.

पूर्ण कवळीला साधारण पाच फेऱ्या लागतात: कच्चे माप, त्या तोंडासाठी बनवलेल्या ट्रेमध्ये पक्के माप, मेणाच्या कडांवर जबड्यांची उंची आणि चावा, मेणात लावलेल्या दातांची ट्रायल, आणि शेवटी कवळी. घाईत गाळली जाते ती बहुधा ट्रायल. उंची जास्त झाली तर बोलताना दात खडखडतात आणि जबडा दुखतो. कमी झाली तर हनुवटी नाकाकडे सरकते, ओठांचे कोपरे चिघळतात. मेणात असेपर्यंत हे खुर्चीवरच दुरुस्त होते. एकदा मेणाच्या जागी ॲक्रिलिक, म्हणजे कवळीचे प्लास्टिक, शिजले की बहुतेक वेळा नव्यानेच सुरुवात.

मापाचेच घ्या. माप घेण्याच्या अल्जिनेटच्या लगद्यात बहुतांश पाणी असते. तोंडातून काढल्यावर माप ओल्या फडक्यात ठेवून दहा-पंधरा मिनिटांत त्यात डेंटल स्टोन, म्हणजे साच्याचे कडक प्लास्टर, ओतायला हवा. सकाळी सुरगाण्यात घेतलेले माप संध्याकाळच्या गाडीने नाशिकच्या लॅबला गेले, तर वाटेत ते आकसते. मग कारागीर कितीही हुशार असो, कवळी हलणारच. यावर खर्च तो काय, स्टोनची पिशवी आणि एक रबरी वाटी! साचा तिथेच ओतावा आणि गाडीने साचा पाठवावा.

खालच्या कवळीचे दुखणे वेगळे. वरच्या कवळीला टाळू आणि लाळेचा पातळ थर धरून ठेवतात. खाली मध्ये जीभ, बाजूला गाल आणि हिरडीची अरुंद झिजलेली कड. त्यात दात काढल्यावर पहिल्या सहा महिन्यांत हाड सर्वांत वेगाने झिजते. म्हणजे दात काढून महिन्याभरात माप घेतलेली कवळी लवकरच सैल होणार, हे आधीच ठाऊक असते. तिला आतून नवे अस्तर द्यावे लागते. ते कवळीबरोबरच मंजूर व्हावे.

आणि टोचणे. नवी कवळी बहुतेकांना कुठे ना कुठे टोचते, बहुधा खाली, जिभेच्या बाजूच्या मागच्या कडेला. ज्वारीच्या दाण्याएवढा लाल व्रण असतो. त्यावर खुणेची पेन्सिल टेकवायची, कवळी बसवायची, खूण ॲक्रिलिकवर उमटते, तेवढीच जागा घासून पॉलिश करायची. दहा मिनिटांचे काम. पण रुग्णाने येण्याआधी काही तास कवळी घातलेली हवी. दुखते म्हणून आठवडाभर काढून ठेवली तर व्रण बरा होतो आणि घासायचे कुठे तेच कळत नाही. हे कोणी सांगितलेलेच नसते. घरी लोक ब्लेडने कड तासतात, मग पकडच जाते.

म्हणून मागणी अशी. पहिल्याच दिवशी रुग्णाच्या कार्डावर सात तारखा लिहाव्यात: पाच फेऱ्या, कवळी दिल्याच्या दुसऱ्या दिवशीची तपासणी आणि आठवड्याने आणखी एक. तारखा शक्यतो बाजाराच्या दिवशी, म्हणजे येणे वेगळे पडणार नाही. पेठ, सुरगाणा, कळवणच्या सरकारी दवाखान्यांत घासणीची मोटर, ॲक्रिलिक घासायचे बर (मोटरला लावायची टोके) आणि आठवड्यातून एक दिवस दंततंत्रज्ञ हवा. आरोग्य विद्यापीठाचे मुख्यालय नाशकातच आहे. इंटर्न डॉक्टरांची पाळी इकडे लावणे अवघड नसावे.

कार्डाच्या मागे चार ओळी छापाव्यात: रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा, गरम पाणी नको, ब्रश साबणाने, पहिले काही दिवस वरण-भात किंवा दुधात कुस्करलेली भाकरी. नागलीची भाकरी पुढच्या दातांनी तोडू नका. लहान तुकडा दोन्ही बाजूंनी चावा, नाहीतर कवळी मागून उचलते.

अहवालात वाटलेल्या कवळ्यांच्या रकान्याशेजारी एक रकाना वाढवावा: तीन महिन्यांनी कवळी घालून जेवणारे किती.

आपले,
नाशिक जिल्ह्यातील काही दंतवैद्य व दंततंत्रज्ञ