बंद पडलेली जुनी मोटार : सुटे भाग काढण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बंद पडलेल्या जुन्या मोटारीचे भाग सुटे काढून विकले, तर अख्खी मोटार भंगारात देण्यापेक्षा चार पैसे जास्त मिळतात, अशा आशयाचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. कागदावर हा हिशेब बरोबर आहे. प्रत्यक्षात मात्र तो बऱ्याचदा अंगलट येतो, कारण त्यात श्रम, जागा आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत जाणारा काळ धरलेलाच नसतो. आपल्याकडे त्याच मॉडेलची दुसरी मोटार चालू स्थितीत असेल, किंवा एखाद्या भागासाठी नक्की घेणारा ठरलेला असेल, तरच पान्याला हात घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एरवी मोटार आहे तशी देऊन मोकळे व्हावे.

अर्धवट उघडून ठेवलेल्या मोटारीला सर्वांत कमी भाव येतो, ही गोष्ट लेखात यायला हवी होती. चाके काढली की ती ढकलता येत नाही आणि उचलून नेण्याचा खर्च वाढतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, आधीच काढलेला दिसला की भंगारवाला लगेच भाव पाडतो, कारण त्या डब्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा मोबदला त्याने मनात धरलेला असतो. उरतो तो बहुतांशी पोलादी पत्रा, आणि तो वजनावर जातो.

भाग काढायचे ठरलेच, तर मोटार कशामुळे बंद पडली हे आधी पक्के करावे. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा, तुटल्यामुळे व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन गेले असेल, तर गिअरबॉक्स, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र), स्टार्टर, एसीचा कॉम्प्रेसर आणि दारे यांना बहुधा धक्काही लागलेला नसतो. इंजिन तापून हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकले असेल आणि तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसत असेल, तर पाणी मिसळलेल्या तेलावर फिरलेली बेअरिंगे भरवशाची राहत नाहीत, म्हणून ते इंजिन चांगले म्हणून कोणाच्या गळ्यात मारू नये. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या मोटारीचे वायरिंग आणि ईसीयू (इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक) वरून कितीही स्वच्छ दिसले तरी घेऊ नयेत, कारण पिनांवरचा हिरवट गंज कित्येकदा नंतर वर येतो. याउलट खालचा पत्रा सडल्यामुळे बाद झालेल्या मोटारीत यंत्राचा भाग उत्तम निघू शकतो. आणि हेही सांगायला हवे की, मेली म्हणून सोडून दिलेली मोटार कधी कधी नुसत्या इंधन पंपाच्या किंवा रिलेच्या (विजेच्या छोट्या स्विचच्या) बिघाडाने अडलेली असते. अशी मोटार खोलणे हा शुद्ध तोटा आहे.

काढण्याजोगा भाग हाताने तपासता येतो. अल्टरनेटरची पुली बोटांनी फिरवावी. खरखर लागली किंवा पुली आडवी हलली, तर बेअरिंग गेले आहे. वायरिंगचे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लास्टिकचे जोड, जुने झाले की त्यांचे प्लास्टिक ठिसूळ होते आणि खटका दाबताच मोडतो, म्हणून ज्या कपलरचे गिऱ्हाईक आहे त्याच्यासोबत वीतभर वायर ठेवूनच कापावे. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बसलेला गंजका बोल्ट जोर लावून फिरवला की आतच तुटतो. त्यावर गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे आणि बोल्ट आधी किंचित आवळून मग उलटा सोडावा. काढलेल्या प्रत्येक भागाला त्याचा पार्ट नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधावी, कारण एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षी बदललेले भाग दिसायला सारखे असले तरी एकमेकांच्या जागी बसतीलच असे नाही. अनेक मोटारींत ईसीयू आणि इमोबिलायझर (चुकीच्या किल्लीने मोटार सुरू होऊ न देणारी यंत्रणा) किल्लीशी जुळवलेले असतात. किल्लीविना नुसता ईसीयू विकत घेणारा फसतो.

लेखातील एका मुद्द्याला मात्र माझी ठाम हरकत आहे. एअरबॅग आणि सीटबेल्ट यांचा उल्लेख त्यात चांगली किंमत येणारे भाग म्हणून केला आहे. एअरबॅगमध्ये आणि पट्टा क्षणात आवळणाऱ्या यंत्रणेत स्फोटक द्रव्य असते, आणि घरगुती हत्यारांनी त्याच्याशी खेळणे जिवावर बेतू शकते. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमधील अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमट हवेने वर्षानुवर्षे बिघडत गेले, त्यामुळे फुगवणाऱ्या यंत्राचे धातूचे कवचच फुटून माणसे दगावली, आणि जगभरातून कोट्यवधी मोटारी परत बोलवाव्या लागल्या. जुन्या एअरबॅगची आतली स्थिती बाहेरून कोणालाच सांगता येत नाही, म्हणून ती काढून विकू नये. ब्रेकचे रबरी होज आणि जुने टायर यांनाही हाच नियम लावावा. टायरच्या बाजूवरील DOT (डॉट) या खुणेच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचावेत. 2315 असे असेल तर तो टायर 2015 सालच्या 23 व्या आठवड्यातला आहे, मग त्यावरची नक्षी कितीही खोल असो.

तेल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आणि ब्रेक ऑइल काढल्याशिवाय मोठे भाग सोडवूच नयेत. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि विषारी असल्यामुळे उघड्या बादलीत ठेवलेले कूलंट मुलांना आणि जनावरांना घातक ठरते. एसीचा वायू हवेत सोडून देणेही गैर आहे. बऱ्याच जुन्या मोटारींतला आर-134ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटींहून अधिक तापमानवाढ करतो, म्हणून तो यंत्राने ओढून घेणाऱ्याकडूनच काढून घ्यावा.

शेवटी कागदपत्रे. सांगाडा हातातून जाण्याआधी मोटारीची नोंदणी रद्द करून तशी पोच घ्यावी आणि चासी क्रमांकाची पट्टी कोणालाही सुटी देऊ नये, कारण त्या क्रमांकावर चोरीची मोटार उभी राहिली, तर पहिली विचारणा जुन्या मालकाकडेच होते.

कळावे.

आपला विश्वासू,
एक वाचक