1775 ची म्हणून विकलेली चांदीची टी कॅडी : प्रमाणपत्राबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्री विभाग

विषय : चुकीचे प्रमाणपत्र व रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या मुंबईच्या दालनातून मी मागच्या महिन्यात चांदीची इंग्रजी टी कॅडी, म्हणजे चहा ठेवायची कुलपाची डबी, एक लाख ऐंशी हजार रुपयांना घेतली. सोबतच्या प्रमाणपत्रावर "तिसऱ्या जॉर्जचा काळ, लंडन, 1775" असं लिहिलं आहे.

घरी आणल्यावर डबीचा तळ भिंगातून पाहिला. चालत्या सिंहाचा छाप आहे, म्हणजे चांदी स्टर्लिंग, 92.5 टक्के शुद्ध. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शेजारी नांगर आहे. नांगर बर्मिंगहॅमचा; लंडनचा छाप बिबट्याच्या मुंडक्याचा असतो. त्याच्याही पलीकडे अंबाडा घातलेल्या बाईचं डोकं उमटलेलं आहे. चांदीवरचा कर भरल्याची खूण म्हणून राजाचं डोकं छापायला सुरुवात झाली ती डिसेंबर 1784 मध्ये. 1775 च्या डबीवर ते येईलच कसं? आणि हे डोकं तर व्हिक्टोरिया राणीचं आहे. हा कर 1890 मध्ये रद्द झाला. म्हणजे डबी 1838 ते 1890 च्या दरम्यानची, तिसरा जॉर्ज वारल्यानंतरची.

इंग्लंडात 1784 पर्यंत चहावर 119 टक्के कर होता. त्या साली तो साडेबारा टक्क्यांवर आला. त्याआधी चहा इतका महाग की घरची मालकीण कॅडीची किल्ली स्वतःजवळच ठेवायची, नोकरांच्या हाती लागू द्यायची नाही. मला त्या काळातलीच डबी हवी होती आणि तसं मी आपल्या विक्रेत्याला स्पष्ट सांगितलं होतं.

फोन केला तर आपल्या माणसानं मलाच विचारलं, "चांदी खरी आहे ना, मग अडचण काय?" चांदीच घ्यायची असती तर मी सराफाकडे गेले असते. वजनाच्या कितीतरी पट किंमत मी मोजली ती त्या सालासाठी. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्यानं डबी एकदा उलटी करून पाहिली असती, तरी हे सगळं दिसलं असतं. याचा मला खरोखर संताप येतो.

पूर्ण रक्कम परत करावी, डबी आपल्या खर्चानं घेऊन जावी आणि दुरुस्त प्रमाणपत्राशिवाय ती पुन्हा विक्रीला ठेवू नये. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. छापांचे फोटो, पावती आणि प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,
आपली ग्राहक
(सही)
पुणे