सुट्टीत येणाऱ्या नातवंडांच्या दातांविषयी

बेळगाव

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

शाळेला सुट्टी लागली की दोन्ही मुले निपाणीला तुमच्याकडे येतील. त्यांच्या दातांविषयी आधीच लिहून कळवते, कारण समक्ष बोलायचे म्हटले की नातवंडांच्या गोंधळात ते राहूनच जाते.

धाकटीच्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे दिसू लागले आहेत. ही कीड लागण्याची पहिली खूण असून या टप्प्यावर दात अजून सावरता येतो, असे येथील दंतवैद्यांनी सांगितले. रात्री झोपेत लाळ कमी सुटते. त्यामुळे बाटली तोंडात धरून झोपलेल्या मुलाच्या दातांवर दूध तसेच राहते आणि तोंडातले जंतू त्यातील साखरेचे आम्ल करीत राहतात. म्हणून आई, ती कितीही रडली तरी दूध वाटीने, झोपण्याआधी पाजावे आणि दात घासून झाल्यावर पाण्याशिवाय काही देऊ नये.

बाबा, तुमच्या कपाटातील डब्याविषयीही लिहायला हवे. मुलांना गोड देऊच नका, असे मी म्हणणार नाही. आजोळी येऊन तेही मिळणार नसेल तर यायचे कशाला? परंतु गोड किती खाल्ले यापेक्षा ते दिवसातून किती वेळा खाल्ले, याला अधिक महत्त्व आहे. प्रत्येक घासानंतर दाताचे कवच आम्लाने मऊ होते आणि लाळेला ते सावरायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. येता-जाता एकेक तुकडा हातावर ठेवला तर तो वेळ मिळतच नाही. गोकाकचा करदंट द्यायचा तर दुपारच्या जेवणाबरोबर, एकदाच द्या. डिंक आणि गुळामुळे तो दाढांच्या खाचांत चिकटून बसतो, त्या मानाने आपला कुंदा बरा. गूळ आणि काकवी घरची असली तरी दातांच्या दृष्टीने ती साखरच.

दात सकाळी घासतातच, पण रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे आहे आणि ते मोठ्यांनीच करून द्यायला हवे, कारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात मागच्या दाढांपर्यंत नीट पोहोचत नाही. धाकटीचे डोके मांडीवर घेतले की तिचे तोंड चांगले दिसते. तिला तांदळाच्या दाण्याएवढी आणि थोरल्याला वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे. घासून झाल्यावर थोरल्याने फेस थुंकावा, मात्र भरपूर पाण्याने चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. थोरल्याच्या दुधाच्या दाढांमागे एकही दात न पडता नवी दाढ आली आहे. ती दुधाची नसून कायमची आहे, त्यामुळे ब्रश तिथपर्यंत जातो की नाही, हे रोज पाहावे.

शेजारच्या मावशी म्हणतील की दुधाचे दात पडणारच, त्यांचे एवढे कौतुक कशाला. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि खाली वाढणाऱ्या दातांसाठी जागा धरून ठेवतात; त्या किडून लवकर काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकतात आणि नवे दात वेडेवाकडे येतात.

आई, रागावू नकोस, पण मिश्रीची डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेव. धाकटी तुझे पाहून बोट हिरड्यांवर फिरवते, हे मी गेल्या खेपेला पाहिले. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि निपाणीच्या माणसाला तंबाखू काय असते हे मी काय सांगावे! तूही ती सोडलीस तर मला फार आनंद होईल. तो विषय आल्यावर बोलू.

कोणाचा दात दुखू लागला तर लवंगेच्या तेलावर भागवत बसू नका. गालावर सूज दिसली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दंतवैद्यांकडे न्यावे आणि मला फोन करावा, मी लगेच निघेन. दोघांचे ब्रश आणि पेस्ट पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवते.

तुमची लेक