घडीच्या फोनआधी उन्हात दिसणारा फोन द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला 'उद्याचा हातातला संगणक' हा लेख दुकानात बसूनच वाचला. सांगलीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, एकवीस वर्षं झाली. लेखात घडीचे फोन आले, तीन घड्यांचे आले, चष्म्यातला पडदाही आला. वाचायला मजा आली. पण आमच्याकडच्या उन्हात नि धुळीत यातलं काय टिकणार, याची एक ओळ नव्हती. ती माझ्याकडून घ्या.

मागच्या महिन्यात तासगावकडचा एक बागायतदार आला. म्हणाला, "फोल्डर गेलाय, नवा टाका." डिस्प्ले आणि टच मिळून जो एकच भाग येतो त्याला आमच्या धंद्यात फोल्डर म्हणतात. मी फोन चालू केला तर पडदा लख्ख. "दादा, काय झालंय याला?" तर त्यानं मला हाताला धरून रस्त्यावर नेलं आणि भर दुपारच्या उन्हात फोन समोर धरला. त्यात माझा स्वतःचा चेहरा दिसत होता, दुसरं काही नाही. "ई-पीक पाहणीला शेतात उभं राहूनच फोटो काढाय लागतोय. आता काय रातीचं जाऊ व्हय?" फोल्डर मी टाकला नाही. फोन ठणठणीत होता.

यावर कंपन्यांचा उपाय एकच, पडद्याचा उजेड वाढवत नेणं. म्हणजे सूर्याशी कुस्ती. उजेड वाढला की बॅटरी उतरते, फोन तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवायला पडदा आपणहून मंद करतो. नेमका शेतातच. खरं तर उलट्या वाटेनं जाणारं तंत्र जुनं आहे. ई-इंकच्या पडद्यात बारीक कुप्या असतात, त्यांत विरुद्ध भाराचे काळे-पांढरे कण. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि वीज बंद केली तरी तिथंच राहतात. ऊन जितकं जास्त तितकं अक्षर ठसठशीत, छापील कागदासारखं. २००७ साली पुस्तकं वाचायचं यंत्र किंडल त्याच्यावरच आलं. दोष आहेत: पडदा बदलायला वेळ घेतो, रंग फिके, आधीच्या पानाची सावली मागं राहते. व्हिडिओ बघणाऱ्याला तो चालायचा नाही.

मला जास्त आशा वाटते ती दुसऱ्या प्रकाराची. त्याच २००७ साली शाळेतल्या मुलांसाठी 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चा हिरवा-पांढरा लॅपटॉप निघाला. आपल्या महाराष्ट्रातही कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरच्या शाळेत तो पोरांच्या हातात आला होता. त्याचा पडदा घरात मागच्या दिव्यावर रंगीत दिसायचा, आणि दिवा बंद करून उन्हात नेला की बाहेरचाच उजेड परतवून काळा-पांढरा. इतकी सोपी गोष्ट फोनमध्ये का रुळली नाही? माझा अंदाज असा की फोन एसीच्या शोरूममध्ये विकला जातो. तिथं ऊन कुठलं?

बॅटरीच्या बाबतीत मात्र लेखात अन्याय झालाय. घडीच्या फोनला अर्धं पान आणि सिलिकॉन-कार्बन बॅटरीला दोन ओळी! आजवरच्या लिथियम-आयन बॅटरीत ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं. एक ग्रॅम ग्रॅफाइट फार तर ३७२ मिलिअँपिअर-तास साठवतं. सिलिकॉनची कागदावरची ताकद त्याच्या नऊ-दहा पट. अडचण अशी की चार्ज होताना सिलिकॉन मूळच्या तिपटीच्या वर फुगतं, उतरताना आकसतं, आणि असं करता करता त्याचा भुगा होतो. म्हणून त्याचे अगदी बारीक कण कार्बनमध्ये अडकवून वापरतात. २०२३ पासून चिनी फोनांत या बॅटऱ्या यायला लागल्या आणि आता ७००० मिलिअँपिअर-तासांचे फोन, जाडी फारशी न वाढता, आपल्याकडेही मिळतात. (गिऱ्हाईक घाबरतात म्हणून सांगतो: जुनी बॅटरी फुगून मागचं झाकण उचलते ती आतल्या वायूमुळं. ते दुखणं वेगळं.)

ओल्या हाताचंही कोणी लिहीत नाही. आजचा टच बोटामुळं बदलणारा विजेचा भार ओळखतो, आणि तसाच बदल पाण्याच्या थेंबानंही होतो. म्हणून फवारणी करता करता आलेला फोन उचलता येत नाही, आणि पावसात भलत्यालाच लागतो. काही कंपन्या ओल्या हाताला चालणारा टच देऊ लागल्यात, पण तो स्वस्तातल्या फोनपर्यंत यायला हवा. एसटीच्या वाहकाकडचं बटणांचं जुनं तिकीट यंत्र आठवा. तोही हातातला संगणकच होता, आणि भिजल्या बोटांनी बिनबोभाट चालायचा.

आता घडीचा फोन. त्याची काच केसाहून पातळ असते म्हणून ती वाकते. बिजागरीत बारीक दातेरी चाकं. माझ्याकडे मार्केट यार्डातल्या हमालांचे, अडत्यांचे फोन येतात, तेव्हा चार्जिंगचा जॅक आणि स्पीकरची जाळी पिवळीधमक असते. हळद! ब्रशनं झाडली तरी टेबलावर पिवळा ठिपका उरतोच. ही पूड त्या बिजागरीत गेली तर काय होईल ते मला उघडून बघावं लागेल, आणि त्याचं फोल्डर ज्या भावाला पडतं त्यात यार्डातला माणूस चांगला नवा फोन घेईल.

शेवटचं, फोन चिकटवून बंद करतात त्या डिंकाचं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. वीज नाही, दोन दिवसांत घरोघरचे फोन मेले. बॅटरी काढून दुसरी घालायची सोय असती तर त्यातले निम्मे तरी चालू राहिले असते. पाणी ओसरल्यावर गाळ भरलेले फोन पाट्यांनी आले. मान्य आहे, डिंकानं बंद केलेला फोन पाणी अडवतो. पण एकदा मी तो तापवून उघडला की पुन्हा तसा बंद होईलच याची हमी मी देत नाही. रबरी पट्टी लावून दोन्ही साधता येतं, सॅमसंगच्या एक्सकव्हर प्रोमध्ये ते आहे: पाणीरोधक आणि बॅटरी हातानं निघणारी. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला बॅटरी स्वतः बदलता आली पाहिजे असा नियम लागू होतोय. पाण्यात टिकणाऱ्या आणि हजार वेळा चार्ज होऊनही दमदार राहणाऱ्या फोनांना त्यातून सूट आहे, म्हणजे पळवाट आलीच.

तेव्हा एक विनंती. आपल्या पुरवणीत नवा फोन तपासाल तेव्हा कॅमेऱ्याच्या आधी तीन गोष्टी छापा: दुपारी बारा वाजता बाहेर पडदा वाचता येतो का, ओल्या बोटाला टच लागतो का, आणि बॅटरी बदलायला किती खर्च येतो. तपासायला ऊन आणि ओली बोटं हवी असतील तर वार्ताहराला दुकानात पाठवा, चहा माझ्याकडून.

आपला,
एक मोबाइल दुरुस्तीवाला, सांगली