काकांच्या जमिनीचा प्रोग्राम आणि त्यातली नावं

सिंहगड रस्ता, पुणे

चि. मीरा,
अनेक आशीर्वाद.

काकांच्या मुळशीच्या जमिनीच्या वाटणीसाठी तू लिहिलेला प्रोग्राम काल रात्री बसून पूर्ण वाचला. हिशेबाची मांडणी छान आहे, फंक्शन्स आटोपशीर आहेत. व्हेरिएबलच्या, म्हणजे आकडे साठवायच्या जागांच्या, नावांबद्दल मात्र लिहायलाच हवं, आणि ते फोनवर नीट सांगता येत नाही.

'एरिया', 'एरिया१', 'एरिया२' ही तीन नावं बघ. सातबारा शेजारी ठेवून ताडून पाहिलं तेव्हा उलगडलं, की पहिलं एकूण क्षेत्र, दुसरं लागवडीयोग्य आणि तिसरं पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. उताऱ्यावर तिन्हींना आपापली नावं आहेत. तलाठी, वकील, काका तेच शब्द वापरतात, मग प्रोग्रामनेही तेच वापरावेत. पोटखराब्यासाठी इंग्रजी शब्द शोधत बसू नकोस, रोमन अक्षरांत तोच लिही. स्पेलिंग मात्र एकदाच ठरव. सध्या 'गट' एका फाइलीत 'ए' घालून आहे, दुसरीत 'यू' घालून, आणि तिसरीत त्याचा 'सर्व्हे नंबर' झालाय. जमिनींच्या एकत्रीकरणानंतर गट नंबर आले, जुने सर्व्हे नंबर वेगळे. तू साठवलीयस एकच गोष्ट, पण वाचणाऱ्याला वाटणार, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आता सगळ्यात काळजीचं. 'क्षेत्र = 40' म्हणजे 40 काय? काका गुंठ्यांत बोलतात, उतारा हेक्टर-आरमध्ये असतो. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, साधारण 101.17 चौरस मीटर. एक आर म्हणजे बरोबर 100. फरक इतका लहान, की उत्तर चुकलं तरी डोळ्याला खटकत नाही. पण एकराच्या 40 गुंठ्यांना कुणी 40 आर धरलं, तर 46 चौरस मीटरहून जास्त जमीन हिशेबातून नाहीशी होते. पाचशे चौरस फूट! भावाभावांत यावरून बोलणं बंद होतं. म्हणून नावातच एकक हवं: 'क्षेत्र_आर', 'क्षेत्र_गुंठे'. मग 'क्षेत्र_आर'मध्ये गुंठे भरताना तुझा हात आपोआप थांबेल. 1999 साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोचून नष्ट झालं, तेही एककांच्या घोळामुळेच. पृथ्वीवरचं एक सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदांत आकडे देत होतं आणि पुढचं ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होतं. आकड्याला स्वतःचं एकक सांगता येत नाही गं, ते नावाने सांगावं लागतं.

'फ्लॅग'चंही तसंच. उताऱ्यावरच्या इतर हक्कांत बोजा, म्हणजे कर्जाची वगैरे नोंद, आहे की नाही, एवढंच त्यात साठवलंयस ना? मग 'बोजा_आहे' म्हण. 'बोजा_नाही' नको, कारण पुढे 'नॉट बोजा_नाही' अशी अट आली की माणूस अडखळतो.

लूपमधला 'आय' राहू दे. दोन ओळींत संपणाऱ्या मोजणीला लांबलचक नाव नको. फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत 'आय' ते 'एन'ने सुरू होणारी नावं आपोआप पूर्णांक धरत, तेव्हापासून ते अक्षर मोजणीसाठी सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पायथन वापरते आहेस, तर शब्द अंडरस्कोरनेच जोड. अर्ध्या फाइलीत मधेच मोठं अक्षर, अर्ध्या फाइलीत अंडरस्कोर, हे मला अजिबात आवडलं नाही.

नावं बदलताना एडिटरमधला सर्वत्र शोधून बदलण्याचा पर्याय वापरू नकोस. 'आर'चं इंग्रजी स्पेलिंग 'शेअर'मध्येही दडलंय आणि 'एरिया'मध्येही, सगळ्यांचा विचका होईल. व्हीएस कोडमध्ये नावावर कर्सर ठेवून एफ-2 दाब, ते नेमकं तेच व्हेरिएबल बदलतं. आणि नावांचा कमिट, म्हणजे जतन केलेल्या बदलांची नोंद, वेगळा कर, त्यात हिशेबाच्या एकाही ओळीला हात लावू नकोस, म्हणजे आधीचं आणि नंतरचं उत्तर ताडून बघता येईल. काका रविवारी उतारे घेऊन येणार आहेत, त्याआधी पाठव.

तुझी,
आई