पावडरचे सात डबे

मा. संपादक,
स. न.

गेल्या महिन्यात नातवाचं बारसं झालं. भेटींत बेबी पावडरचे सात डबे आले. आम्हीही मुलींना न्हाऊ घातलं की पावडरीनं पांढरंफटक करायचो; जुन्या फोटोत माझी थोरली पिठाच्या परातीतून उचलल्यासारखी दिसते.

सूनबाईंनी एकही डबा फोडू दिला नाही. मला वाटलं, कॅन्सरची भीती. अमेरिकेतल्या खटल्यांनंतर जॉन्सन अँड जॉन्सनने २०२३ मध्ये टाल्कची बेबी पावडर जगभर बंद केली, आणि जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्क ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं, हे वाचलं होतं. पण आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले, “ते राहू द्या आजी, आधी श्वासाचं बघा.”

टाल्क म्हणजे आपलं शंखजिरं, दगडाची पूड. पाण्यात विरघळत नाही. बाळाच्या अंगावर डबा झटकला की उडालेला धुरळा श्वासाबरोबर आत जातो आणि बारीक श्वासनलिकांत साचतो. त्रास कधी काही तासांनी सुरू होतो, तोवर डब्याची आठवणही राहत नाही. खेळायला दिलेला डबा तोंडावर उपडा होऊन तान्ही मुलं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत कित्येक दशकांपासून आहेत. मक्याच्या स्टार्चची पावडर घ्यावी म्हटलं, तर तोही धुरळाच.

मानेच्या वळ्या, काखा, जांघा मऊ सुती फडक्याने टिपल्या आणि लंगोट वेळेवर बदलला की पावडर लागतच नाही. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींना हे पटवताना मात्र आठवडा गेला. “पावडरीशिवाय बाळ न्हायल्यासारखं दिसतं का?” हा त्यांचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर माझाही.

युरोपात तीन वर्षांखालील मुलांच्या टाल्क पावडरीवर ‘नाका-तोंडापासून दूर ठेवा’ ही सूचना सक्तीची आहे. आमच्या डब्यांवरची बारीक इंग्रजी अक्षरं चष्मा लावूनही वाचवेनात. ही ओळ दर्शनी बाजूला, ठळक मराठीत छापायला लावावी. अन्न व औषध प्रशासनाने त्यासाठी केंद्राकडे आग्रह धरावा.

सातही डबे थोरल्या नातवाने कॅरमसाठी पळवलेत. बोर्डावरची जास्तीची पावडर तो फुंकरीनं उडवतो, तेव्हा बाळाचा पाळणा आम्ही दुसऱ्या खोलीत नेतो.

– एक आजी, सातारा